बेरिंबाऊची तार चढवताना

मंडळी, टेबलावर ठेवलेलं हे धनुष्य म्हणजे बेरिंबाऊ. कापोएरा म्हणजे ब्राझीलची वाद्यांच्या तालावर खेळली जाणारी युद्धकला. तिच्यातल्या लाथा आणि कोलांट्या तुम्ही व्हिडिओत पाहिल्या असतील. पण खेळ संथ की वेगात, लांबून की अंगाला अंग लावून, हे ठरतं या वाद्यावर. दोघं खेळाडू याच्या पायाशी उकिडवे बसून रिंगणात शिरतात. वाजवणाऱ्याने एकच सूर टणटण लावून धरला की हातातला डाव सोडून तिथेच परत यायचं.

१८९० च्या दंडसंहितेने ब्राझीलमध्ये कापोएरा गुन्हा ठरवला होता. तिथल्या साल्वादोर शहरात मेस्त्रे, म्हणजे गुरू, बिंबांनी १९३२ साली शाळा काढली, १९४१ मध्ये मेस्त्रे पास्तिन्यांनी अंगोला शैलीचं केंद्र उभारलं. बिंबांच्या ताफ्यात एकच बेरिंबाऊ आणि दोन पांदेइरो, म्हणजे मोठ्या खंजिऱ्या. अंगोलात बेरिंबाऊ तीन: खर्जातला गुंगा ताल धरतो, मेदिओ उलटं उत्तर देतो, व्हिओला वरून नक्षी काढते.

आता तार. ती बहुधा जुन्या टायरच्या कडेतून ओढून काढतात. चिकटलेलं रबर पॉलिश पेपरने पूर्ण घासा, नाहीतर आवाज बसका येतो. काठीच्या डोक्यावर चामड्याची चकती हवीच. ती नसली तर तार लाकडात रुतते आणि काठी उभी चिरते. काठीचा मूळचा बाक बघून त्याच बाजूने वाकवा. मध्यावर गुडघा टेकवून वरचं टोक स्वतःकडे ओढा आणि तारेला बांधलेली दोरी काठीला गुंडाळा. मधोमध तार काठीपासून साधारण वीतभर सुटली की पुरे.

भोपळा खालच्या टोकापासून वीतभर वर. तो बहुतेकदा कडू भोपळ्याच्याच जातीचा, आपल्या तंबोऱ्याचा भाऊबंद! त्याची दोरी सैल राहिली तर तो घसरतो आणि खडखडतो.

सगळा भार डाव्या करंगळीवर, भोपळ्याच्या दोरीच्या फासाखाली. मधली दोन बोटं काठीला, अंगठा आणि तर्जनीत नाणं किंवा गोटा. नवशिक्याची करंगळी दुखते, कारण तो तोल साधण्याऐवजी काठी आवळून धरतो. उजव्या हातात छडी आणि काशिशी, वेताचा छोटा खुळखुळा.

तार मोकळी सोडली की 'डों', नाणं घट्ट दाबलं की साधारण एक स्वर वर 'डीं', नुसतं टेकवलं की 'छी'. अंगोलाचा ठेका: छी-छी-डों-डीं. शेवटचे दोन बोल उलटवले की साओ बेंतो पेकेनो नावाचा दुसरा ठेका. अर्धवट दाबलेली 'डीं' फसून 'छी' होते आणि ठेकाच ओळखू येत नाही. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. भोपळा पोटाला लावून आवाज झाकणं, उघडणं हे मात्र त्यानंतरचं.

वाजवून झाल्यावर तार उतरवायचीच. चढवून ठेवलेल्या काठीची उसळी जाते. त्यामुळे जेवणाआधी या वाद्याची तार उतरेल. ज्यांना हात लावून बघायचा आहे त्यांनी आत्ताच या, आणि चष्मा असेल तर काढू नका. तार तुटते ती बहुधा तिच्या टोकाच्या फासापाशी, आणि सांगून तुटत नाही.