भात उतू गेला, ज्योत पिवळी झाली: अणू खरंच "आपोआप" प्रकाश सोडतो का?

(ओट्यावरचा क्लोजअप. पातेल्यात भात रटरटतोय, झाकण थडथडतंय.)

थांबा. आता जाईल बघा. आत्ता... गेला!

पाहिलंत? पाणी कडेवरून बर्नरवर उतरलं आणि निळी ज्योत एका झटक्यात पिवळीजर्द झाली. आई मागून ओरडतेय, "आधी गॅस बारीक कर, फिजिक्स नंतर!"

(कॅमेरा चेहऱ्यावर.)

नमस्कार मंडळी. गॅस बारीक केलाय, ओटा नंतर पुसतो.

भातात चिमूटभर मीठ होतं. त्यातला सोडियम ज्योतीत सुटा होतो. तापलेल्या वायूचे रेणू त्याला येता-जाता धडकत असतात. एखादी धडक नेमकी बसली की सोडियमचा सगळ्यात बाहेरचा इलेक्ट्रॉन एक पायरी वर चढतो. मग तो खाली उतरतो आणि दोन पायऱ्यांमधल्या फरकाची ऊर्जा प्रकाश म्हणून बाहेर पडते. तरंगलांबी 589 नॅनोमीटर. बारकाईनं मोजलं तर शेजारी-शेजारी दोन रेषा दिसतात, 589.0 आणि 589.6.

वरच्या पायरीवर तो थांबतो किती वेळ? निवांत एकटा सोडलेला सोडियमचा अणू असेल तर सरासरी 16 नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाश जेमतेम पाच मीटर जातो, म्हणजे या ओट्यापासून आमच्या हॉलच्या दारापर्यंत.

अणू वर गेला, खाली आला, उजेड पडला. पुस्तकात साधारण इथेच धडा संपतो. मला मात्र एक विचारायचंय. तो खाली येतोच का?

"कमी ऊर्जेकडे जाणं हा निसर्गाचा स्वभाव" हे उत्तर मला शाळेत मिळालं होतं, आणि पुढे कित्येक वर्षं मी तेच लोकांना ऐकवत होतो. पोकळ उत्तर आहे ते. त्या फडताळावरचा तो डाळीचा डबा बघा. जमिनीवर असता तर त्याची ऊर्जा कमी असती. म्हणून तो स्वतःहून उडी मारतो का? कोणाचा तरी धक्का लागावा लागतो.

अणूची बैठक तर डब्यापेक्षाही पक्की. 1926 साली श्रोडिंगरनं अणूतला इलेक्ट्रॉन कसा वागतो ते सांगणारं आपलं समीकरण मांडलं. त्यात हायड्रोजनचा अणू बसवला की एकेक पायरी बरोबर बाहेर येते, पण प्रत्येक पायरी निघते "स्थिर". समीकरणात फक्त अणू असेल, बाकी काहीच नसेल, तर वर चढलेला इलेक्ट्रॉन युगानुयुगं वरच राहील. खाली यायला त्यात कारणच नाही.

तरी तो येतो. यालाच उत्स्फूर्त उत्सर्जन म्हणतात. उत्स्फूर्त, म्हणजे कोणी न सांगता, न ढकलता, आपल्या मनानं. आज माझं भांडण या शब्दाशी आहे.

शब्दामागची गोष्ट मात्र भारी आहे. साल 1916. श्रोडिंगरचं समीकरण यायला अजून दहा वर्षं आहेत. आइनस्टाइन एक साधा प्रश्न घेऊन बसलाय: तापलेल्या बंद पेटीत अणू आणि प्रकाश दोन्ही कोंडले तर त्यांचा हिशोब जुळेल कसा? अणू प्रकाश गिळतो, हे एक. समोर असलेला प्रकाश वरच्या अणूला "ये, तूही ये" म्हणून आपल्यासारखाच फोटॉन, म्हणजे प्रकाशाची एक पुडी, सोडायला लावतो, हे दुसरं. आणि समोर प्रकाश नसतानाही अणू फोटॉन सोडतो, हे तिसरं. तिन्ही धरले तर तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाचं प्लांकचं सूत्र आपसूक बाहेर पडतं, एखादा वगळला तर पडत नाही. त्या ऑगस्टमध्ये त्यानं मिशेल बेसो या मित्राला कळवलं की प्रकाशाच्या शोषण-उत्सर्जनाबद्दल डोक्यात लख्ख प्रकाश पडलाय.

दुसऱ्या प्रकारातून पुढे 1960 साली लेझर आला, म्हणून त्याचं कौतुक जास्त. पण लेझरमध्येसुद्धा पहिली ठिणगी तिसऱ्याचीच असते. आणि मघाच्या ज्योतीत? ज्योत 2000 केल्विनची धरली, तर दुसऱ्या प्रकारचा वाटा दोन लाखांत एक. घरातली ट्यूबलाइट, एलईडीचा बल्ब, मे-जूनमध्ये भंडारदऱ्याकडे झाडं पेटल्यासारखी दिसतात ते काजवे, सगळा उजेड तिसऱ्या प्रकारचा.

आइनस्टाइननं या तिसऱ्या प्रकाराला फक्त एक आकडा दिला. दर सेकंदाला फोटॉन सुटायची शक्यता इतकी. नेमका कोणता अणू, नेमका कधी, कोणत्या दिशेला, काही नाही.

हे किती विचित्र आहे ते कळायला ल्युडो आठवा. सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर येत नाही. दहा वेळा फासा टाकला, सहा पडला नाही. अकराव्या वेळी शक्यता वाढली का? छे, सहात एकच. फाशाला मागचं काही आठवत नाही. अणूचंही तसंच. 16 नॅनोसेकंद वर काढलेला अणू आणि आत्ता वर चढलेला अणू, दोघांची पुढची शक्यता सारखीच. अणू म्हातारा होत नाही.

स्वतः आइनस्टाइनला हे पटलं नाही. 1917 च्या लेखातच त्यानं लिहून ठेवलं की वेळ आणि दिशा नशिबावर सोडावी लागते, हे आपल्या सिद्धांताचं दुबळेपण आहे. 1924 मध्ये माक्स बोर्न या भौतिकशास्त्रज्ञ मित्राला लिहिलेल्या पत्रात तर तो वैतागलाच. इलेक्ट्रॉन उडीची वेळ आणि दिशा आपल्या मर्जीनं ठरवणार असेल, तर भौतिकशास्त्र करण्यापेक्षा आपण जोडे शिवू, नाहीतर जुगाराच्या अड्ड्यावर नोकरी धरू, अशा अर्थाचं त्यात आहे.

(झोपाळ्यावर बसून.)

आता 1927. पॉल डिरॅक. वय पंचविशीच्या आत. त्याच्या लक्षात आलं की समीकरणात अर्धी मंडळीच हजर आहेत. अणूला क्वांटमचे, म्हणजे अतिसूक्ष्म जगाचे, नियम लावले, प्रकाशाला कुठे लावले?

हा झोपाळा बघा. पाय टेकवले, थांबला. आता याची ऊर्जा शून्य. प्रकाशाच्या प्रत्येक संभाव्य तरंगाला असा एकेक झोपाळा समजा. एक फोटॉन म्हणजे त्याला ठरलेल्या मापाचा एक झोका. शून्य फोटॉन म्हणजे थांबलेला झोपाळा, असं आपल्याला वाटेल. पण क्वांटमच्या राज्यात झोपाळ्याला पूर्ण थांबायची मुभाच नाही, थोडी थरथर उरतेच. म्हणजे दिवे मालवले, हवा काढून घेतली, सगळं थंड केलं, तरी पोकळीत हे असंख्य झोपाळे असतातच, आणि अणू त्यांच्याशी कायम जोडलेला असतो. डिरॅकनं हे सगळं मांडलं आणि आइनस्टाइननं हिशोब जुळावा म्हणून घातलेला तो आकडा गणितातून बाहेर आला.

इथे बरेच व्हिडिओ सांगून मोकळे होतात की पोकळीची थरथर अणूला धक्का देते आणि तो खाली पडतो. ऐकायला छान, पण मला अर्धवट वाटतं. अहो, नुसती थरथरच धक्के देत असेल तर खालच्या पायरीवरचे अणूही धक्के खाऊन वर चढायला हवेत ना? मग हा ओटा, हे पातेलं, तुम्ही-आम्ही, सगळेच अंधारात चमकत बसलो असतो. तसं होत नाही, कारण दुसराही एक भिडू आहे: अणूच्या स्वतःच्या विद्युत-चुंबकीय क्षेत्राची त्याच्यावरच उलटणारी प्रतिक्रिया. खालच्या पायरीवर हे दोघं एकमेकांना पुरते खोडतात. वरच्या पायरीवर त्यांची बेरीज होते. श्रेय कोणाला किती द्यायचं, हे गणित कसं मांडता त्यावर बदलतं. अर्धं-अर्धं वाटायची एक रीत आहे, आणि मला ती पटते.

ठीक आहे. पण हे सगळं कागदावर. फोटॉन सुटण्यात भोवतालच्या पोकळीचा हात असेल, तर पोकळी बदलल्यावर अणूचा फोटॉन सोडण्याचा वेगही बदलायला हवा. बदलतो का?

एडवर्ड पर्सेल. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे. 1946 मध्ये त्यानं फिजिकल रिव्ह्यू या शोधपत्रिकेत जेमतेम एका परिच्छेदाची टिपणी छापली. अणुगर्भाचा चुंबक रेडिओ लहरी सोडून शांत व्हायचा असेल तर, त्याच्या हिशोबानं, 5 वर 21 शून्यं इतके सेकंद लागतील. विश्वाच्या वयाच्या दहा हजार पट! पण त्याच पदार्थात धातूचे बारीक कण मिसळले तर? काही मिनिटं. अणुगर्भ तोच, फक्त शेजार बदलला.

उलटंही करता येतं. फोटॉन सोडणं म्हणजे बँकेत पैसे भरणं समजा. पैसे भरायला खातं लागतं. त्या वारंवारितेचा, म्हणजे सेकंदाला तितक्या लाटांचा, तरंग जिथे मावत नाही, तिथे खातंच नाही. मग अणू भरणार कुठे?

1985 साली एमआयटीमध्ये रँडल ह्युलेट, एरिक हिल्फर आणि डॅनियल क्लेप्नर यांनी हेच केलं. त्यांनी सीझियमचे अणू घेतले आणि इलेक्ट्रॉन बाविसाव्या पायरीपर्यंत चढवून ते फुगवले. इतक्या वरून एक पायरी उतरताना जो प्रकाश निघतो, त्याची तरंगलांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. हे अणू त्यांनी धातूच्या दोन पट्ट्यांमधून धाडले. पट्ट्यांमधलं अंतर जेमतेम पाव मिलिमीटर. दोघांनी दोरीची टोकं धरली तर दोरीवर कमीत कमी अर्धी लाट मावावी लागते, तसंच इथे. अर्धी तरंगलांबी मावली तर फोटॉन निघेल. किंचित कमी पडली की बंद.

आणि बंद झालंच. अणूचं वर टिकण्याचं आयुष्य किमान वीस पट वाढलं. अणूला कोणी शिवलं नव्हतं, बाजूला फक्त दोन पट्ट्या होत्या. आता सांगा, उत्स्फूर्त कोणत्या तोंडानं म्हणायचं? घोषणा उत्स्फूर्त होत्या, असं बातमीत वाचतो आपण आणि मग ट्रकमधून माणसं उतरताना दिसतात, तशातली गत.

(गाडीत. खिडकीबाहेर नारायणगावची पाटी.)

आता शेवटचा अणू, आणि तो बघायला आपण ओट्यापासून बरेच लांब आलोय. टोमॅटोच्या बाजाराचं आणि तमाशाच्या फडांचं हे नारायणगाव. इथून थोडं आत खोडद.

हायड्रोजनमध्ये एक प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन. दोघांची फिरकी एकाच दिशेला असेल तर ऊर्जा जरा जास्त, उलट असेल तर जरा कमी. फरक इतका चिमुकला की सुटणाऱ्या फोटॉनची तरंगलांबी 21 सेंटिमीटर, हातातल्या फूटपट्टीच्या दोन तृतीयांशाहून थोडी जास्त. आणि वाट बघायची किती? सरासरी 1 कोटी 10 लाख वर्षं.

सोडियमला 16 नॅनोसेकंद आणि याला कोटी वर्षं? पुन्हा खात्यांचाच खेळ. वारंवारिता कमी झाली की खाती घटतात, आणि उत्सर्जनाचा वेग वारंवारितेच्या घनानं पडतो. नुसता तेवढा हिशोब लावला तरी 16 नॅनोसेकंदांची सुमारे 24 वर्षं होतात. उरलेली साडेचार लाख पट का? इथे प्रकाशाशी बोलणी विजेच्या नाही, चुंबकाच्या हातानं चालतात, आणि तो हात फार अशक्त.

मग हा प्रकाश दिसतो कसा? अणूच इतके आहेत! सूर्याच्या वजनाएवढा हायड्रोजन घ्या. त्यातून दर सेकंदाला 2 वर 42 शून्यं, याहून जास्त फोटॉन सुटतात. ल्युडोच्या पटावर इतक्या सोंगट्या असल्या की सहा सारखा पडतच असतो.

असा प्रकाश मिळेल हे 1944 मध्ये नेदरलँड्समध्ये हेंड्रिक व्हान डी हुल्स्टनं सांगितलं होतं. पकडला 1951 च्या मार्चमध्ये, हार्वर्डला, हॅरल्ड यूइन आणि... एडवर्ड पर्सेल यांनी. म्हटलं होतं ना, पुन्हा येणार. प्रयोगशाळेच्या खिडकीतून त्यांनी एक कर्ण्यासारखा अँटेना बाहेर काढला होता. पाऊस आला की तो नरसाळ्यासारखा पाणी आत ओतायचा, आणि थंडीत खालून जाणारी पोरं त्यात बर्फाचे गोळे मारायची.

(खोडदच्या तबकड्या, लांबून.)

आणि या आपल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या. एकूण 30, प्रत्येकी 45 मीटर व्यासाची, काही इथे जवळ-जवळ, बाकीच्या तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. 2023 च्या जानेवारीत कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठातल्या आणि बंगळुरूच्या आयआयएससीतल्या संशोधकांनी याच दुर्बिणीनं टिपलेला एक संदेश जाहीर केला. 880 कोटी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा प्रकाश. निघाला तेव्हा 21 सेंटिमीटरचा होता, विश्व पसरत गेलं तसा ताणला जाऊन इथे पोचेपर्यंत 48 सेंटिमीटरचा झाला.

आत जाऊन बघायचं असेल तर 28 फेब्रुवारीच्या सुमाराला या. विज्ञान दिनानिमित्त इथे प्रदर्शन भरतं, आजूबाजूच्या शाळांची पोरं बसेस भरभरून येतात. फक्त मोबाईल बंद ठेवा. त्या तबकड्यांना तुमच्या खिशातला फोन एखाद्या दीर्घिकेपेक्षा लखलखीत दिसतो. मीही आता हा बंद करतो.