बांधाबांधीचा पैसा कुठे घालावा

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिना लागला की आमच्या सोसायटीच्या फाटकाशी दर रविवारी एखादा टेम्पो उभा दिसतो. ११ महिन्यांचा करार संपलेला असतो, भाडं वाढलेलं असतं आणि मुलांच्या शाळा सुरू व्हायच्या आत नव्या घरात जायचं असतं. पुण्यात भाड्यानं राहणाऱ्यांना हे नवीन नाही. मी स्वतः सात घरं बदलली आहेत. म्हणून आज बोलणार आहे ते बांधाबांधीच्या सामानाबद्दल, म्हणजे खोकी, टेप, कागद आणि सुतळी यांच्याबद्दल.

तिसऱ्या घराच्या वेळची गोष्ट. आईनं दिलेली लोणच्याची बरणी होती, चिनी मातीची, वर पिवळसर तपकिरी आणि खाली पांढरी. मी तिला बबल रॅपचे तीन वेढे दिले आणि किराणा दुकानातून आणलेल्या खोक्यात ठेवली. खोक्याचे खालचे फ्लॅप एकमेकांत अडकवले होते, टेप लावली नव्हती. दुसऱ्या मजल्यावरून उतरताना जिन्यातच तळ उघडला. बरणी पायरीच्या कडेवर आपटली. मी धावत जाऊन उचलली तेव्हा बबलची गुंडाळी जशीच्या तशी होती, पण हातात धरून हलवली तर आत खळखळ. त्या दिवसापासून माझा हिशेब बदलला. पैसा आधी खोक्यावर आणि टेपवर घालायचा. गुंडाळायचं बरंचसं घरातच असतं.

खोकं घेताना त्याची कड बघा. दोन सपाट कागदांच्या मधे एक नालीदार, म्हणजे लाटांसारख्या चुण्यांचा, कागद असेल तर ते थ्री प्लाय. तीन सपाट आणि दोन नालीदार असतील तर फाइव्ह प्लाय. कपडे, उशा, खेळणी यांना थ्री प्लाय पुरतं. भांडी, मिक्सर, पुस्तकं यांना फाइव्ह प्लायच घ्या. रविवार पेठेत बोहरी आळीला गेलात तर दुकानदार सपाट घड्यांचे गठ्ठे समोर टाकतो. त्यातला एक उचला आणि कडेला अंगठ्यानं दाबा. चुण्या लगेच चपट्या झाल्या तर दुसरा गठ्ठा मागा. मी दर वेळी असंच करते आणि कुणी कधी नाही म्हटलेलं नाही.

या नालीदार कागदाची जन्मकथा मला फार आवडते. १८५६ साली इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट घेतलं गेलं ते उंच टोप्यांच्या आत अस्तर म्हणून. घाम टिपावा आणि टोपीला आकार राहावा, एवढंच त्याचं काम होतं. १८७१ साली न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्स यांनी तो बाटल्या आणि काचा गुंडाळायला वापरला. कागदाच्या चुण्यांना स्प्रिंगसारखी उसळी असते, हे त्यांनी ओळखलं होतं. खोक्यात त्या चुण्या उभ्या असतात म्हणून ते भार पेलतं. तेच खोकं आडवं टाकून त्यावर दुसरं ठेवलं की दबतं. आणि भार मुख्यतः चार कोपरे घेतात. कोपरा चेपलेलं जुनं खोकं बाकी कितीही चांगलं दिसलं तरी ते रचण्यात सगळ्यात वरच ठेवा.

पुस्तकांसाठी लहान खोकं. फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच एवढंसं खोकंही पुस्तकांनी भरलं की पंधरा-वीस किलोला जातं. मोठं खोकं दिसलं की आपण ते भरतच राहतो. मग जो माणूस ते पाठीवर घेऊन तीन मजले चढतो, त्याचा विचार मनात येत नाही. तो यायला हवा. पुस्तकं लहान खोक्यात आणि मोठ्यात रजया, हे मी प्रत्येकाला सांगत असते.

फुकटची खोकी आणायची असतील तर औषधाच्या दुकानात विचारा, ती कोरडी आणि स्वच्छ असतात. तेलाची, बिस्किटांची खोकी आणली तर वासाबरोबर झुरळंही नव्या घरी पोचतात.

टेप दोन इंची तरी घ्या आणि तळाला दोनदा लावा. मधल्या फटीवरून जाणारी पट्टी दोन्ही बाजूंना चार-पाच बोटं वर चढली पाहिजे. मग दोन्ही टोकांच्या कडांवर आडवी पट्टी. ही टेप लोखंडी कपाटाच्या दाराला मात्र लावू नका, काढताना रंग घेऊन येते. कपाटाला सुतळी नाहीतर स्ट्रेच फिल्म, म्हणजे ताणून गुंडाळायचं पातळ प्लास्टिक.

आता गुंडाळणं. चादरी, टॉवेल, जुन्या सुती साड्या, गोधड्या हे सगळं तसंही टेम्पोतून जाणारच आहे. मग ते भांड्यांच्या मधे घालून का नेऊ नये? कपबश्यांना आधी कोरा कागद, कारण रद्दीची शाई पांढऱ्या बशीवर उतरते. रद्दी बाहेरून, बोळे करून, फटी भरायला. बशा आणि ताटल्या खोक्यात उभ्या लावा, आडव्या एकावर एक नको. धक्का बसला की सगळ्यात खालच्या बशीवर सगळ्यांचा भार येतो. भरून झालं की खोकं हलकेच हलवून बघा. आवाज आला तर आत जागा राहिली आहे, अजून दोन बोळे घाला. बबल रॅप आरशाला, काचेच्या तसबिरींना आणि टीव्हीला ठेवा. पॉलिश केलेल्या लाकडाला आधी चादर आणि वरून बबल, नाहीतर टेम्पो उन्हात उभा राहिला की त्या फुग्यांचे ठसे पॉलिशवर उमटतात.

आणि जूनमध्ये हलणार असाल तर ताडपत्री आधी ठरवा. दमट हवेत पुठ्ठा मऊ पडतो, आणि भिजला की फाइव्ह प्लायही फार टिकत नाही. खोकी टेम्पोच्या पत्र्यावर थेट न ठेवता खाली जुनी सतरंजी आणि प्लास्टिक अंथरा.

नाव लिहायचं ते खोक्याच्या बाजूवर, कारण रचल्यावर वरचा भाग दिसत नाही. ‘स्वयंपाकघर, काच’ एवढं पुरे. देव, औषधं, कागदपत्रं, चहा-साखर, एक पातेलं, कात्री आणि स्क्रू ड्रायव्हर हे मात्र खोक्यात घालू नका. एका कापडी पिशवीत घालून आपल्या मांडीवर न्या.

नव्या घरी खोकी फाडू नका. सुरीनं फक्त टेप कापा, सपाट करून पलंगाखाली सरकवा. आमच्या खालच्या मजल्यावरचं कुटुंब येत्या रविवारी हलतंय. वहिनींकडे पुस्तकं फार आहेत. त्यांच्यासाठी मी आमची बारा लहान खोकी काढून, कोपरे तपासून ठेवली आहेत.

नमस्कार.