मडकं शांत झालं म्हणजे खमीर मेलं का?

राम राम मंडळी! आपल्या नंदुरबारकडे सातपुड्यात मोहाची फुलं भिजत घातलेल्या मडक्याला कधी कान लावलाय का? पहिले काही दिवस नुसतं बुडबुड बुडबुड चालतं आणि मग आवाज बंद. लहानपणी मी आजीला विचारायचो, मेलं का गं ते?

मेलं नाही हो! आत यीस्ट असतं, म्हणजे खमीर, एका पेशीचा जीव, इतका बारीक की एका मिलिमीटरात दीडदोनशे सहज रांगेत बसतील. भरपूर साखर मिळाली की ते लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखं खातं, साखर पूर्ण जाळतच नाही, तिचं अल्कोहोल करून बाहेर टाकतं, एका ग्लुकोजमागे पदरात पडतात फक्त 2 एटीपी (एटीपी म्हणजे पेशीची ऊर्जेची सुटी नाणीच समजा), पण वेग जबरदस्त. साखर संपली की वाढ थांबते. आता पेशी आतला कारभारच बदलते, इतके दिवस दाबून ठेवलेले जीन चालू होतात, मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाघरं, जोरात कामाला लागतात आणि हवा मिळत असेल तर मघाशी टाकलेलं अल्कोहोलच परत खायला सुरुवात! मला तर हे वाचून आपल्या कडब्याची आठवण झाली, ज्वारी खाऊन झाली की तोच चारा म्हणून कामी येतो ना, तसं.

आणि नायट्रोजन पण तुटला तर? मग पेशी स्वतःचेच जुने भाग पिशवीत गुंडाळते, व्हॅक्युओल नावाच्या कप्प्यात नेऊन विरघळवते आणि त्यातून नवीन प्रोटीन बनवते. याला ऑटोफॅजी म्हणतात. जपानच्या योशिनोरी ओसुमींनी मुद्दाम असं यीस्ट घेतलं ज्याच्या कप्प्यात विरघळवणारे एन्झाइमच नव्हते, त्याला उपाशी ठेवलं आणि काही तासांत मायक्रोस्कोपखाली कप्पा बारीक बारीक पिशव्यांनी भरलेला दिसला, साधं यीस्ट, साधा मायक्रोस्कोप, पण बघायची नजर केवढी! 1992 ला ते छापून आलं, 2016 ला त्यांना नोबेल मिळालं. आपल्या शरीरातल्या पेशीही हेच करतात, म्हणून मला हा विषय इतका जवळचा वाटतो.

उपासमार लांबली की यीस्ट ट्रेहॅलोज नावाची साखर साठवतं, ती पेशीला सुकण्यापासून सांभाळते. किराणा दुकानात ड्राय यीस्टची पुडी मिळते बघा, खडखडीत कोरडी. आज घरी चमचाभर कोमट पाण्यात टाका, चिमूटभर साखर घाला आणि दहा-पंधरा मिनिटं वाटीजवळच बसा, वर फेस यायला लागेल.