शुगर नॉर्मल आली, पण इन्सुलिन पाहिलंत का?

हे दोन रिपोर्ट बघा. पहिल्यात उपाशीपोटी शुगर ९२, दुसऱ्यातही ९२. दोघांनाही एकच उत्तर मिळणार, "काही नाही, सगळं नॉर्मल आहे." आता बहुतेकांच्या रिपोर्टमध्ये नसतेच ती ओळ बघू, फास्टिंग इन्सुलिन, म्हणजे साखर पेशींत पोचवणारं हे स्वादुपिंडातलं संप्रेरक उपाशीपोटी रक्तात किती आहे ते. पहिल्याचं ५, दुसऱ्याचं १८.

म्हणजे तेवढीच साखर आवाक्यात ठेवायला दुसऱ्याचं स्वादुपिंड तिपटीहून जास्त राबतंय! पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत, म्हणून ते आणखी आणखी सोडलं जातं. हाच इन्सुलिन रेझिस्टन्स. शुगर चढते ती स्वादुपिंडाला हे झेपेनासं झाल्यावर. त्याला कित्येक वर्षं लागू शकतात आणि तोवर एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) सुद्धा ५.७ टक्क्यांच्या, म्हणजे नॉर्मलच्या आत गुमान बसलेलं असू शकतं.

मोबाइलवर कॅल्क्युलेटर काढा. ९२ गुणिले १८, भागिले ४०५. आलं ना ४.१च्या आसपास? पहिल्याचं येतं १.१. हा होमा-आयआर, म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्सचा अंदाज देणारा आकडा, १९८५ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी मांडलेला. (शुगर मिलीमोलमध्ये असेल तर ४०५ ऐवजी २२.५ ने भागायचं.) २ ते २.५ च्या पुढे सहसा शंका घेतात, पण ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही. इन्सुलिन मोजण्याच्या पद्धती लॅबगणिक बदलतात, त्यामुळे तुलना करायची तर लॅब तीच ठेवा. आणि इन्सुलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांनी हे गणित करूच नका, तिथे ते लागू पडत नाही.

इन्सुलिन तपासलंच नसेल तर जुना लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीचा रिपोर्ट शोधा. सगळे एलडीएलकडे ('वाईट' कोलेस्टेरॉल) बघतात, मी आधी ट्रायग्लिसराइडला (रक्तातली एक चरबी) एचडीएलने ('चांगलं' कोलेस्टेरॉल) भागतो. १८० आणि ३६ असेल तर ५. मिलिग्रॅमच्या रिपोर्टमध्ये ३ च्या वर गेलं की मी तरी इन्सुलिन तपासायला सांगतो. कारण रेझिस्टन्स असला की यकृत जास्त ट्रायग्लिसराइड रक्तात सोडतं आणि त्याच ओघात एचडीएल घटतं. हा नुसता इशारा आहे, निदान नव्हे.

आणि हो, रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात 'सॅम्पल हिमोलाइज्ड' लिहिलंय का बघा. रक्त घेताना लाल पेशी फुटल्या की त्यांतलं एन्झाइम इन्सुलिन तोडतं आणि आकडा खोटाच कमी दिसतो. तसं असेल तर सरळ पुन्हा सॅम्पल द्या.