अठरा गुण जुळले तरी जा

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मागे ऐकू येतंय ना? पंखा फार बोलतोय. ओळख करून देताना ‘एचआरमधला ३० वर्षांचा अनुभव’ असं म्हणाले. त्यातली पहिली ८ वर्षं मी टायपिस्ट होते, तेवढी आत्ताच वजा करा.

प्रश्न साधा आहे. जाहिरातीतल्या सगळ्या अटी बसत नसतील तर मुलाखतीला जावं का? आपल्याकडे पत्रिकेत ३६ पैकी १८ गुण जुळले की लोक हॉल बघायला लागतात. नोकरीचं मात्र ३५ जुळले तरी मुलगी म्हणते, ‘नको, एक राहिलाय.’ अहो, नोकरीत निदान नोटीस पिरियड तरी असतो! पुढच्या रांगेतले काका हसले नाहीत. त्यांचे ३६ जुळले असणार.

माझीच गोष्ट सांगते. १९९३ साल. ठाणे-वाशी लोकल आली २००४ मध्ये, त्याआधी बेलापूर रोडच्या कारखान्यांत जायचं म्हणजे कळव्यावरून बस. महाप्याच्या एका कारखान्याला टायपिस्ट हवी होती. इंग्रजी स्पीड ५०, अनुभव ३ वर्षं. माझ्याकडे ४०चं सर्टिफिकेट, अनुभव शून्य. वडील म्हणाले, ‘बसभाडं फुकट जाईल.’ वडील रेल्वेत होते, पास होता, भाड्याची काळजी त्यांनाच जास्त.

जुलै महिना. रबाळ्याला बस बंद पडली. टेम्पोनं नाक्यापर्यंत, पुढे चिखलातून चालत. गेटपाशी चपलेचा अंगठा तुटला. निऱ्यांची पिन काढून तिथे खोचली आणि निऱ्या फाईलनं दाबून साहेबांपुढे उभी राहिले. ते म्हणाले, टाईप करून दाखवा. आता दोन्ही हात लागणार! मी टेबल पोटाशी ओढून घेतलं आणि श्वास न घेता पत्र संपवलं. स्पीड भरला ३८. मी घाईघाईनं म्हटलं, ‘पण चूक एकच आहे.’ साहेबांनी लाल पेन घेतलं. तीन निघाल्या.

नोकरी अर्थातच मिळाली नाही. दिवाळीनंतर पोस्टकार्ड आलं: निवडलेला उमेदवार बँकेत लागला, येता का? यादीत मी दुसरी होते. त्या पावसात पोचलो होतो दोघंच.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली म्हणतात. मूळ मुद्दा आता पळवते.

जाहिरात कशी तयार होते? खातेप्रमुख तीन गोष्टी सांगतो. बाकीची यादी आम्ही करायचो, सोडून गेलेल्या माणसाला जे जे येत होतं त्यावरून. तो ते दहा वर्षांत आमच्याकडेच शिकलेला असायचा. २०२० मध्ये सेबास्टियन रामिरेझ या प्रोग्रॅमरला एक जाहिरात दिसली, ‘फास्टएपीआय’ या सॉफ्टवेअरचा चार वर्षांहून जास्त अनुभव हवा. फास्टएपीआय त्यानंच बनवलं होतं, दीड वर्षापूर्वी!

२०१४ मध्ये टारा मोर या लेखिकेनं हजारावर लोकांना, बहुतेक अमेरिकन नोकरदारांना, विचारलं की अर्ज का केला नाहीत? बायका आणि पुरुष, दोघांचंही सर्वाधिक दिलेलं उत्तर एकच: पात्रता बसत नाही, घेणार नाहीत, वेळ कशाला घालवा. म्हणजे आमचे वडील तिकडेही आहेत.

पण एमपीएससीला हे चालवू नका. तिथे अट म्हणजे अट, कागदपत्रांच्या पडताळणीत बाहेर काढतील. नर्स, फार्मासिस्ट, तिथे रजिस्ट्रेशन नसेल तर अर्जच नको, समोर पेशंट आहे. आणि खोटा अनुभव कुठेच लिहू नका. ‘हे येत नाही, याच्या जवळचं हे येतं’ असं सरळ सांगा. खासगीत अर्ध्या अटी बसल्या तर जा. नाही म्हणायला त्यांनी माणसं ठेवलेली आहेत, पगार देऊन. मीच होते.

एकच प्रश्न घेते. चिठ्ठीत विचारलंय, परत कशा गेलात? वॉचमननं सुतळी दिली. चपलेला सुतळी, पिन निऱ्यांना.