बसवले किती, आले किती

श्रोतेहो, नमस्कार. आजचा विषय ऐकून रेडिओचा कान पिळू नका. विषय आहे संसद, हवामानाची उद्दिष्टं आणि वीज. सरकार जगासमोर जे आकडे कबूल करून येतं, त्यांचा हिशेब आपले खासदार कसा मागतात, याबद्दल आज बोलायचंय. आणि आमच्या सोसायटीतल्या काकूंबद्दलही. काकूंची गोष्ट सांगितल्याशिवाय मला हा विषय समजावता येत नाही, त्याला माझा इलाज नाही.

आधी कबुलीचे आकडे, पटकन. नोव्हेंबर 2021. ग्लासगोच्या हवामान परिषदेत पंतप्रधानांनी पाच गोष्टी जाहीर केल्या आणि त्यांना नाव दिलं पंचामृत. त्यातली सगळ्यात लांबची म्हणजे 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन, म्हणजे तापमान वाढवणारे वायू जेवढे हवेत सोडू तेवढेच शोषूनही घ्यायचे. मग ऑगस्ट 2022 मध्ये त्यातलं काही रीतसर कागदावर संयुक्त राष्ट्रांकडे गेलं. एक, देशाच्या उत्पन्नाच्या दर रुपयामागचं उत्सर्जन 2030 पर्यंत 2005 च्या मानाने 45 टक्क्यांनी खाली आणायचं. दोन, 2030 पर्यंत विजेच्या स्थापित क्षमतेतला सुमारे निम्मा वाटा कोळसा, तेल, वायू सोडून इतर साधनांचा करायचा. स्थापित क्षमता, म्हणजे बसवलेली यंत्रं जास्तीत जास्त किती वीज देऊ शकतात ते. हे दोन शब्द कानात ठेवा, मी परत येणार आहे त्यांच्याकडे.

हा कागद मंजूर कुणी केला? केंद्रीय मंत्रिमंडळाने. संसदेने नाही. आपल्याकडे परदेशाशी करार करणं हे सरकारचं काम, त्याला संसदेचं मतदान लागत नाही. म्हणजे शब्द आधी दिला जातो आणि संसद विचारते नंतर. आता विचारते कशी, ते सांगण्याआधी काकू.

आमची सोसायटी जुनी. चार मजले, 32 बिऱ्हाडं. लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप यांचं सामायिक बिल दर महिन्याला अंगावर यायचं. काही वर्षांपूर्वी ठरलं, गच्चीवर सौर पॅनेल बसवू. 10 किलोवॉटची. मी तेव्हा खजिनदार होतो. सभेत विरोध केला एकट्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी. कारण? वाळवणाची जागा जाते. कुरडया, सांडगे, साबुदाण्याच्या चकल्या, सगळं त्या गच्चीवर. "अरे, तीसुद्धा सौरऊर्जाच आहे," असं त्या म्हणाल्या होत्या. आम्ही हसलो आणि ठराव मंजूर केला. (विकतची कुरडई तेलात छान फुलते हो, पण तोंडात कागद लागतो. गव्हाचा चीक घरचाच हवा. असो.)

फेब्रुवारीत पॅनेल बसली. नारळ फुटला, फीत कापली, पेढे वाटले. फाटकावर पाटी लागली, 'सौरऊर्जायुक्त सोसायटी', आणि ती रात्री दिसावी म्हणून तिच्यावर दिवा. फोटो सगळ्या ग्रुपवर फिरले.

काकू निवृत्त शिक्षिका. गणिताच्या. गच्ची गेल्याचा राग त्यांनी एका वहीत काढला. रोज रात्री ओला कचरा टाकायला त्या खाली उतरायच्या, तेव्हा जिन्याखालच्या सामायिक मीटरवर बॅटरी मारायच्या आणि आकडा टिपून घ्यायच्या. चौकोनी रेघांची वही, पेन्सिल दोऱ्याने बांधलेली. आम्हाला वाटायचं, म्हातारपणचा नाद आहे.

सप्टेंबरात वार्षिक सभा. सेक्रेटरींनी अहवाल वाचला, "10 किलोवॉट क्षमतेचा सौर प्रकल्प यशस्वीरीत्या कार्यान्वित." टाळ्या. निम्मी सभा बटाटेवड्यांकडे बघतेय. काकू उभ्या राहिल्या.

"सेक्रेटरीसाहेब, बसवले किती ते कळलं. आले किती?"

"काय आले, काकू?"

"युनिट."

सेक्रेटरी म्हणाले, "अहो काकू, 10 किलोवॉटचं बसवलंय म्हटल्यावर हा प्रश्नच उद्भवत नाही."

काकूंनी वही उघडली. "पॅनेल बसायच्या आधी रोजचे 38 युनिट जळत होते. काल जळले 39. माझं वाळवण गेलं आणि वर एक युनिट वाढलं. ते एक तुमच्या त्या पाटीवरच्या दिव्याचं."

श्रोतेहो, वडा खाणारेही थांबले.

मग शोधाशोध. ठेकेदाराला फोन लावला. तो म्हणाला, "नेट मीटर, म्हणजे येणारी-जाणारी वीज मोजणारं मीटर, ते लागल्याशिवाय पॅनेलचा इन्व्हर्टर सुरूच करता येत नाही, साहेब. फॉर्म भरून तुमच्याकडे दिला होता, सह्या करून तुम्ही द्यायचा होता." फॉर्म कुठे? आमच्याच ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, गणपतीच्या पावतीपुस्तकाखाली. सेक्रेटरींची सही होती. खजिनदाराची राहिली होती. खजिनदार म्हणजे मी. सात महिने आमची गच्ची उन्हात नुसती तापत होती, आणि मी रोज त्या ड्रॉवरवर चहाचा कप ठेवत होतो.

नोव्हेंबरात मीटर बसलं. पहिल्याच स्वच्छ दिवशी 41 युनिट आले. काकूंनी टिपले. पुढच्या जुलैत, झड लागली होती तेव्हा, एका दिवशी आले 9. तेही टिपले. लक्षात घ्या, क्षमता दोन्ही दिवशी तीच, 10 किलोवॉट. आणि त्याआधीच्या नऊ महिन्यांतही कागदावर 10 किलोवॉटच. क्षमता म्हणजे किती येऊ शकते, युनिट म्हणजे प्रत्यक्ष किती आली. क्षमता वेगळी, युनिट वेगळी.

आता दिल्लीला जाऊ. जून 2025 अखेर देशाची स्थापित क्षमता होती 484 गिगावॉटच्या आसपास (एक गिगावॉट म्हणजे हजार मेगावॉट, दहा लाख किलोवॉट), आणि तिच्यातला निम्मा वाटा सौर, पवन, जल, अणू वगैरेंचा झाला. 2030 चं उद्दिष्ट पाच वर्षं आधी पूर्ण. ही कमाई खरी आहे, मलाही आनंद झाला. पण 2024-25 या वर्षात देशात जी वीज प्रत्यक्ष तयार झाली, तिच्यातली सत्तर टक्क्यांहून जास्त कोळशाचीच होती. यात खोटं कुणीही बोललेलं नाही. आपण शब्दच क्षमतेचा दिला होता. क्षमता बसली. युनिट अजून कोळशाचे. म्हणून म्हणतो, काकूंचा प्रश्न संसदेत विचारला गेला पाहिजे. बसवले किती, हे पुरे. आले किती?

विचारायची सोय आहे. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत 20 तारांकित प्रश्न असतात. त्यांना मंत्री उभं राहून उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. शिवाय 230 अतारांकित, त्यांना फक्त लेखी उत्तर. तारांकितही सगळे पुकारले जात नाहीत, तास संपतो. अक्षय ऊर्जेवरची, म्हणजे सौर, पवन वगैरेंवरची उत्तरं मी अधूनमधून चाळतो. राज्यवार तक्ता, मेगावॉटमध्ये, पानभर. खासदाराने मेगावॉट विचारले, त्याला मेगावॉट मिळाले. जे विचाराल ते मिळेल, हा सरकारी उत्तरांचा गुणच म्हणायचा. आणि उपप्रश्न गैरसोयीचा असला की शेवटी तीन शब्द येतात, 'प्रश्न उद्भवत नाही'. आमचे सेक्रेटरी हे कुठे शिकले, देव जाणे.

कधी मंत्री म्हणतात, माहिती गोळा करून सभागृहाच्या पटलावर ठेवू. ते झालं आश्वासन. ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि झालं की नाही हे बघायला दोन्ही सभागृहांत वेगळी आश्वासन समिती आहे. म्हणजे ड्रॉवर उघडणारी माणसं आहेत हो, पगारी आहेत.

खरं खोदकाम होतं ते स्थायी समित्यांत, म्हणजे एकेका खात्याचं काम तपासणाऱ्या खासदारांच्या समित्यांत. दारं बंद, कॅमेरे नाहीत. आणि तिथे खासदार, पक्ष कुठलाही असो, बऱ्यापैकी शहाण्यासारखे बोलतात. (आपल्या वाहिन्यांना मात्र माइक ओढतानाचंच चित्र हवं असतं. दिवाणखान्यातला तो आवाज आमच्या घरी बंद करून दोन वर्षं झाली, घरात शांतता आहे.) ऊर्जा समितीत 31 सदस्य असतात, 21 लोकसभेचे, 10 राज्यसभेचे. मंत्र्यांना सदस्य होता येत नाही. सचिवांना समोर बसवून विचारतात, अनुदानाच्या मागण्या, म्हणजे खात्याने वर्षासाठी मागितलेला पैसा, तपासतात, दिलेला पैसा खर्च का झाला नाही ते विचारतात.

एक उदाहरण सांगतो. 2022 पर्यंत 175 गिगावॉट अक्षय ऊर्जा, असं आपलं आधीचं उद्दिष्ट होतं. त्यातली सौर 100, आणि त्या शंभरातली 40 घरांच्या, कारखान्यांच्या छपरांवर. ऊर्जा समितीने 2021 मध्येच या 175 वर अख्खा अहवाल दिला. मुदत संपायच्या आत, हे महत्त्वाचं. काकूंनी सभेत विचारलं ते सात महिन्यांनी, समितीने विचारलं वेळेआधी. तरी 2022 संपताना एकूण आकडा होता सुमारे 120. आणि छपरांवर? चाळीसातले दहासुद्धा नाहीत.

मग समितीचं ऐकलं का नाही? कारण समिती शिफारस करते, हुकूम देत नाही. सरकारने तीन महिन्यांत सांगायचं, काय केलं ते. समिती त्यावर लिहिते, हे उत्तर पटलं, हे नाही पटलं. बस. शिवाय समितीची मुदत एक वर्षाची. माणूस विषय शिकतो तोवर नवी समिती. आमच्या सोसायटीत निदान पाच वर्षं तरी देतात.

आणखी एक खोच आहे, ती मला जास्त टोचते. वीज आणि अक्षय ऊर्जा ऊर्जा समितीकडे. कोळसा दुसऱ्या समितीकडे, खाणी आणि पोलादाबरोबर. हवामान बदल तिसऱ्या समितीकडे, ती राज्यसभेच्या अखत्यारीत, विज्ञान आणि वनांबरोबर. परत सांगतो. वीज एका खोलीत, कोळसा दुसऱ्या, हवामान तिसऱ्या. आता 45 टक्क्यांचा हिशेब कुठल्या खोलीत मागायचा? आमच्याकडेही फॉर्म सेक्रेटरीच्या टेबलावरून खजिनदाराच्या ड्रॉवरमध्ये जातानाच हरवला होता.

ब्रिटनमध्ये 2008 पासून यासाठी कायदाच आहे. दर पाच वर्षांचं उत्सर्जनाचं बजेट, ते संसदेत मंजूर. तज्ज्ञांची स्वतंत्र समिती दरवर्षी प्रगतिपुस्तक थेट संसदेला देते आणि सरकारला 15 ऑक्टोबरच्या आत त्याचं उत्तर द्यावं लागतं. त्यामुळे तिथे सगळं सुरळीत चाललंय असं नाही. पण तारीख ठरलेली आहे. आपल्याकडे हवामानाचा असा एकच सर्वंकष कायदा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही मार्च 2024 च्या निकालात नोंदवलं. तो खटला माळढोक पक्षी आणि विजेच्या तारांचा. आपल्या सोलापूरच्या नान्नजचा तोच माळढोक. त्यावर एक वेगळं भाषण करायचं माझ्या मनात आहे, आज वेळ नाही.

मागच्या आठवड्यात मी लोकसभेतल्या अशाच एका उत्तराची प्रत छापून काकूंना दिली. मेगावॉटचा तो पानभर तक्ता. दोन दिवसांनी परत आली. शेजारी, पेन्सिलीने, हाताने आखलेला एक जादा रकाना होता. वर लिहिलं होतं 'युनिट', आणि खाली सगळ्या राज्यांपुढे रिकामी घरं. सोबत डब्यात चार कुरडया. गच्चीवर पॅनेलच्या मधल्या पट्टीत वाळवलेल्या.

काचेपलीकडून हात दाखवतायत, वेळ झाली. नमस्कार.