फोटोवरून फोटो शोधताना सगळ्यात स्लो मशीन किती त्रास देतं

हा फोटो बघा, समुद्रकिनारा आणि त्यावर एक लाल छत्री. आता आपल्याला याच्यासारखे अजून फोटो हवेत, पण टाईप काहीच करायचं नाहीये, फोटो द्यायचा आणि फोटो मिळवायचे.

कॉम्प्युटरला छत्रीबित्री काही कळत नाही हो. त्याला दिसतात नुसते पिक्सेलचे आकडे, त्यातून तो फीचर काढतो, म्हणजे रंग किती, कडा कुठे, पोत कसा, आणि एका फोटोची एक लांबलचक आकड्यांची यादी बनवतो, ती म्हणजे व्हेक्टर. दोन व्हेक्टर जवळजवळचे निघाले की फोटो सारखे, बाकी काही जादू नाही. 1991 मध्ये स्वेन आणि बॅलार्ड यांनी फक्त रंगांच्या हिस्टोग्रामवरून, म्हणजे कुठला रंग किती याच्या मोजणीवरून, वस्तू ओळखून दाखवल्या, मग आयबीएमची क्यूबीआयसी ही फोटो शोधायची सिस्टीम आली, 1999 मध्ये फोटोतले ठळक बिंदू पकडणारी डेव्हिड लो यांची सिफ्ट पद्धत आली, आणि आता हे फीचर काढायचं काम उदाहरणं बघून शिकणारं न्यूरल नेटवर्क करतं.

आता जरा हिशोब करू. समजा 100 कोटी फोटो आहेत, प्रत्येकाचे 128 आकडे आणि एका आकड्याला 4 बाइट, झाले 512 जीबी, आणि हे फक्त व्हेक्टर बरं का, फोटो वेगळेच. इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी सोय, लावून पटकन शोधू म्हणाल तर एका फोटोचे आकडे एवढे वाढले की फांदीफांदीने शोधणारे झाडासारखे इंडेक्स पार ढेपाळतात, जवळपास सगळा डेटा चाळावाच लागतो.

मग डेटा 100 मशीनवर वाटून टाकायचा. प्रश्न सगळ्यांना एकदम पाठवायचा, प्रत्येक मशीन आपल्याकडचे सर्वात जवळचे 10 फोटो पाठवतं, आणि त्या 1000 मधून शेवटचे 10 निवडायचे. खरे पहिले 10 त्यातच असतात, चुकायचा प्रश्नच नाही. इथपर्यंत सगळं सोपं आहे.

घोळ पुढे आहे. 99 मशीननी उत्तर दिलं आणि एक अडकलं, की सगळेच अडकले! गुगलच्या जेफ डीन आणि लुईझ बारोसो यांनी 2013 मध्ये हे आकड्यात मांडलं: प्रत्येक मशीन 100 पैकी एकदाच हळू चालत असेल, तरी 100 मशीनना विचारलं की 63 टक्के सर्च हळू होतात. एकट्या मशीनकडे बघितलं तर वाटतं काय मस्त चाललंय, आणि युजर मात्र ताटकळत बसलाय.

आणि मशीन अडकतं का, तर प्रत्येक मशीनला फोटो सारख्याच संख्येने वाटून दिले म्हणजे कामही सारखं वाटलं गेलं असं होत नाही. कुठे मोठे फोटो जमतात, कुठलं मशीन जुनं असतं. वर युजरने फक्त छत्रीभोवती चौकोन काढून 'एवढाच भाग शोध' म्हटलं, की आधी काढून ठेवलेले फीचर नेहमी पुरतातच असं नाही, कधी अख्खे फोटो परत उघडून तपासावे लागतात. त्यात सारखे फोटो एका गटात ठेवले असतील तर लोक ज्याच्या मागे लागलेत तो गट ज्या मशीनवर आहे ते दमून जातं आणि शेजारचं रिकामं बसतं.

मग आधीच ठरवून वाटण्यापेक्षा काम लहान लहान तुकड्यांत रांगेत ठेवतात, जो मोकळा होईल त्याने पुढचा तुकडा उचलायचा. किंवा रिकामं मशीन सरळ दुसऱ्याच्या रांगेतलं काम पळवतं, त्याला वर्क स्टीलिंग म्हणतात. ऐकायला भारी वाटतं, पण फोटो जड असतात, ते नेटवर्कवरून हलवायलाच इतका वेळ जातो की त्यापेक्षा जागेवर थांबलेलं परवडलं असतं. म्हणून डेटा हलवायचाच नाही, आधीच दोन-तीन मशीनवर कॉपी ठेवायची, आणि काम आलं की त्यातल्या कमी लोड असलेल्याकडे द्यायचं. माझ्या मते या कामाला हाच उपाय सगळ्यात कामाचा आहे, डिस्क जास्त लागते, लागू दे.

अजून एक पळवाट आहे, ठरलेल्या वेळेत जेवढी मशीन बोलली तेवढ्यावरच उत्तर देऊन टाकायचं. लाल छत्रीचे चांगले फोटो दाखवायचेत, त्यातला एखादा राहिला तर कोणाला कळणार? पण हाच फोटो कोणी चोरून वापरलाय का हे शोधायचं असेल आणि ती कॉपी नेमकी न बोललेल्या मशीनवर असेल, तर तिथे ही पळवाट चालत नाही. मग जरा वाट बघून तोच प्रश्न दुसरी कॉपी असलेल्या मशीनला पण पाठवतात, आणि दोघांपैकी आधी ज्याचं उत्तर येईल ते घेतात.